सल्ला खरा, पण आपल्या पासपोर्टसाठी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत कमी खर्चात एकट्याने युरोप कसा पाहावा, यावर आलेला लेख मी आवडीने वाचला. लेख चांगलाच होता. मात्र शेवटाकडे एक वाक्य होते की, पैसे कमी पडले तर तिकडे एखाद्या उपाहारगृहात किंवा शेतावर किरकोळ काम सहज मिळते आणि पुढच्या प्रवासाची सोय होते. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी २६ वर्षे पुण्यात जर्मन भाषा शिकवली आणि माझ्या वर्गात येणाऱ्या मुलामुलींच्या तोंडून हेच वाक्य गेली काही वर्षे मी सतत ऐकत आले आहे. ते खोटे नाही, पण ते ज्यांच्यासाठी खरे आहे त्यांच्यात आपली मुले मोडत नाहीत, ही गोष्ट त्यांना कोणी सांगत नाही.

स्पेनचा मुलगा जर्मनीत जाऊन दोन महिने भांडी घासू शकतो, कारण युरोपीय संघाच्या नागरिकाला संघातील कोणत्याही देशात काम करण्याचा हक्क आहे. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडच्या तरुणांसाठी जर्मनी, फ्रान्ससारख्या देशांशी झालेले करार आहेत आणि त्यामुळे त्यांना फिरता फिरता काम करण्याचा खास व्हिसा मिळतो. समाजमाध्यमांवर जे व्हिडिओ फिरतात ते बहुतेक याच मुलांचे असतात. आपल्याकडे त्यांचाच मजकूर मराठीत किंवा हिंदीत सांगितला जातो, मात्र पासपोर्टचा रंग बदलला की नियमही बदलतो, हे सांगायचे राहून जाते. लहानशी गोष्ट घ्या. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात २६ वर्षांखालील तरुणांना मोफत प्रवेश असतो असे मुले हमखास सांगतात, परंतु ती सवलत युरोपात राहणाऱ्या तरुणांसाठी आहे. तिथे फार तर तिकिटाचे पैसे जातात. कामाच्या बाबतीत असाच गैरसमज झाला तर पुढची कित्येक वर्षे जातात.

भारतीय प्रवाशाला मिळणारा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील अनेक देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा, हा अल्प मुदतीचा असतो. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि येण्याचा दिवस व जाण्याचा दिवस हे दोन्ही त्यात धरले जातात. हा व्हिसा आता २९ देशांत चालतो. बल्गेरिया आणि रुमानिया जानेवारी २०२५ पासून त्यात पूर्णपणे सामील झाले. जून २०२४ पासून त्याचे शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा काढावा लागतो. पर्यटनासाठी घेतलेल्या या व्हिसावर मजुरीने काम करता येत नाही, मग ते काम एका दिवसाचे असो वा मजुरी रोख मिळालेली असो. ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टवरील शिक्क्याच्या जागी ये-जा संगणकात नोंदवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे दिवस चुकले तर ते आपोआप दिसते. मुदत ओलांडून राहिलेल्याला परत पाठवून साधारण पाच वर्षांपर्यंत प्रवेशबंदी घालता येते आणि ती बंदी एका देशाची न राहता साऱ्या शेंगेन देशांची होते.

माझा एक विद्यार्थी नारायणगावचा. घरची द्राक्षबाग. पुण्यात अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि माझ्याकडे जर्मनची पहिली पातळी पूर्ण केली. दोन वर्षांपूर्वी एका एजंटाने त्याला सांगितले की, पर्यटन व्हिसावर फ्रान्सला जायचे, सप्टेंबरात द्राक्षाची तोडणी असते, तीन आठवड्यांत सगळा खर्च निघतो आणि मग महिनाभर फिरायचे. त्यासाठी एजंटाने अडीच लाख रुपये घेतले. मुलगा फसवा नव्हता, आळशी तर मुळीच नव्हता. त्याला वाटले, बाप वर्षभर जे करतो तेच आपण परदेशात करायचे आहे. परतल्यावर तो माझ्या घरी आला आणि बोलता बोलता उजव्या हाताचा तळवा पालथा ठेवू लागला. मी हात उलटायला सांगितला. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या बेचक्यात सिकेटरने, म्हणजे द्राक्षाचे घड कापण्याच्या कात्रीने, पडलेला घट्टा फुटून चिघळला होता. तो म्हणाला, "मॅडम, सिकेटर मी लहानपणापासून धरतो. आमच्याकडे वेल मांडवावर असते, घड वर असतो. तिकडे वेल कमरेएवढी, दिवसभर वाकूनच राहायचं. पण त्याचं काही नाही. अकरा दिवस काम केलं आणि पैसे चार दिवसांचे मिळाले. तक्रार कुठे करायची?"

मला उत्तर देता आले नाही. ठेकेदाराचा फोन बंद होता. कागदावर हा मुलगा तिथे कामाला कधी नव्हताच, आणि कामाला होतो म्हणून सांगावे तर व्हिसाची अट स्वतःच मोडल्याची कबुली द्यावी लागत होती. अकराजण एका शेडमध्ये झोपत होते, हे त्याने आईला आजतागायत सांगितलेले नाही. त्याच्या वडिलांनी मला फोन केला तेव्हा ते एवढेच म्हणाले, "पोराला कामाची लाज नव्हती हो बाई, नुसता कागद नव्हता."

हा मुलगा निदान धडधाकट परत आला. जून २०२४ मध्ये इटलीत रोमच्या दक्षिणेकडील लातिना भागात कागदपत्रांविना शेतावर राबणाऱ्या एका पंजाबी तरुणाचा हात यंत्रात तुटला आणि रुग्णालयात नेण्याऐवजी त्याला त्याच्या घराबाहेर टाकून देण्यात आले. दोन दिवसांनी तो रुग्णालयात दगावला. इटलीत त्यावर मोठा क्षोभ उसळला, कामगार संघटना रस्त्यावर आल्या. युरोपातील कायदा मजुराच्या बाजूचा नाही असे नाही. बेकायदा वास्तव्य करणाऱ्या परकीयाला कामावर ठेवले तर मालकाला दंड होतो आणि थकलेली मजुरी त्यालाच चुकवावी लागते, असा युरोपीय संघाचा निर्देश २००९ पासून आहे. परंतु तो हक्क मागण्यासाठी जिथे उभे राहावे लागते, तिथे उभे राहण्याची हिंमत बिगरकागदी माणसाला होत नाही, आणि ठेकेदाराला हे पक्के ठाऊक असते.

मोह का पडतो, हे मी समजू शकते. जर्मनीत २०२५ साली किमान वेतन तासाला १२.८२ युरो होते, म्हणजे आठ तासांचे दहा हजार रुपयांच्या घरात. नारायणगावच्या किंवा धायरीच्या घरात बसून हा गुणाकार केला की डोळे दिपतात. त्या हिशेबात तिकडची खोली, तिकडचे जेवण आणि तिकडचा कर धरलेला नसतो.

या पत्राचा अर्थ मुलांनी घरी बसावे असा कृपया कोणी काढू नये. मला उलट वाटते. विशीतल्या मुलामुलींनी बारा दिवसांत सात देशांची सहल करण्यापेक्षा एकच मुलूख निवडावा, पाठीवर पिशवी टाकून महिनाभर हिंडावे, वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात स्वतः डाळभात शिजवावा आणि परक्या भाषेत वाट विचारावी. युरोपात याची सोय जुनी आहे. तरुणांसाठीचे पहिले कायमस्वरूपी वसतिगृह १९१२ मध्ये जर्मनीतील आल्टेनाच्या किल्ल्यात एका शाळामास्तराने सुरू केले. जर्मनीतील साऱ्या प्रादेशिक गाड्या, बस आणि ट्राम यांना चालणारे महिन्याचे तिकीट २०२५ मध्ये ५८ युरोंना मिळत होते. ते वेगवान गाड्यांना चालत नाही, पण हळू गाडीतूनच देश दिसतो, असा माझा अनुभव आहे. असा प्रवास घरून साठवलेल्या पैशांत, आधी हिशेब मांडून करावा. मुलींच्या पालकांना माझे विशेष सांगणे आहे की, माझ्या कित्येक विद्यार्थिनी एकट्या जाऊन सुखरूप परतल्या आहेत आणि घरच्यांची भीती प्रवासाआधी जेवढी मोठी असते तेवढी ती प्रवासानंतर राहत नाही.

काम करीत देश पाहणे यातही मला काही कमीपणाचे वाटत नाही. हँबर्गच्या स्थानकावर मी एकदा दोन तरुण सुतार पाहिले होते. काळ्या कॉर्डरॉयची घोळदार विजार, वर जाकीट, रुंद काठाची टोपी, हातात वेडीवाकडी काठी आणि गाठोड्यात हत्यारे. शिकाऊपणा संपवून कारागीर झालेल्या तरुणाने तीन वर्षे आणि एक दिवस गावोगाव काम करीत फिरायचे आणि त्या काळात घराच्या ५० किलोमीटरच्या आत पाऊल ठेवायचे नाही, अशी ही मध्ययुगापासूनची रीत तिकडे अजून काहीजण पाळतात. त्या दोघांकडे बघताना मला आपल्या विद्यापीठातील 'कमवा व शिका' योजनेतली मुले आठवली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या महाराष्ट्राला हाताने काम करून शिकण्याचे मोल नव्याने पटवून देण्याची गरज नाही. फक्त त्या सुतारांच्या खिशात एक वही असते, तिच्यात प्रत्येक मुक्कामाची नोंद आणि शिक्का असतो. आपल्या मुलांच्याही हाती त्यांच्या कामाचा असा कागद असावा, एवढीच माझी तळमळ आहे.

आणि तो कागद मिळण्याचे मार्ग खरोखर आहेत. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, पण तिथे फेब्रुवारी २०२३ मध्ये खास भारतीय तरुणांसाठी योजना सुरू झाली. तिच्यात वर्षाला ३,००० जागा असून १८ ते ३० वयाच्या पदवीधरांना सोडतीतून निवडतात. दोन वर्षे राहता येते आणि त्या काळात हॉटेलातले किरकोळ कामही उजळ माथ्याने करता येते. त्यासाठी बँकेत २,५३० पौंडांची शिल्लक दाखवावी लागते. सोडतीत नाव घालायला मात्र पैसे लागत नाहीत, हे लक्षात ठेवावे, कारण त्याचेही पैसे उकळणारे लोक आहेत. जर्मनीत एखाद्या कुटुंबात राहून मुलांना सांभाळायचे आणि भाषा शिकायची, या 'ओ पेअर' पद्धतीने २७ वर्षांखालील तरुण सहा महिने ते वर्षभर जाऊ शकतात. आठवड्याला ३० तासांहून जास्त काम नसते, राहणे-जेवणे कुटुंबाकडे असते आणि महिन्याला २८० युरो हातखर्च मिळतो. अट आहे ती जर्मनच्या पहिल्या पातळीची, जी आपल्या पुण्यात मॅक्स म्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकता येते. जून २०२४ पासून जर्मनीने नोकरी शोधणाऱ्यांसाठी वर्षभराचे 'संधी कार्ड' सुरू केले असून त्यावर आठवड्याला २० तास काम करता येते. मात्र महिन्याला हजार युरोंहून थोडी जास्त रक्कम आधीच बाजूला ठेवल्याचे दाखवावे लागते, म्हणून ते सर्वांना झेपणारे नाही. विद्यार्थी म्हणून गेलेल्यांना तिथे वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे. इटलीच्या हंगामी कामाच्या व्हिसाचा अर्ज मुळात तिथल्या मालकाने इटलीतूनच करायचा असतो. तेव्हा पुण्यात बसून कोणी तो 'काढून देतो' म्हणत असेल, तर मालक कोण, हे आधी विचारावे.

शेतावर मदत करायची आणि मोबदल्यात राहणे-जेवणे घ्यायचे, हा प्रकारही मुलांना निरुपद्रवी वाटतो. इंग्लंडमध्ये १९७१ साली सेंद्रिय शेतीच्या प्रेमातून त्याची सुरुवात झाली. परंतु पैसे हातात आले नाहीत म्हणून ते काम ठरत नाही, असे सगळे देश मानत नाहीत. ब्रिटनच्या पर्यटन व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी ३० दिवसांपर्यंतच स्वयंसेवा करता येते. त्या त्या देशाच्या दूतावासाला आधी लेखी विचारणे, हाच त्यातला सुरक्षित रस्ता आहे.

एजंटांबद्दलही लिहिले पाहिजे. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते आणि उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये व त्यावरील जीएसटी याहून अधिक घेता येत नाही. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. माझ्या विद्यार्थ्याने अडीच लाख मोजले, तेव्हा त्याला हे ठाऊक नव्हते. मलाही नव्हते, आणि मी २६ वर्षे या मुलांना परदेशी जाण्यासाठी तयार करीत होते, याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून आपणास विनंती आहे की, जानेवारी ते मे या काळात आपल्या पुरवणीत दर आठवड्याला एक छोटा रकाना द्यावा. त्यात एका वेळी एकच देश घ्यावा आणि पर्यटन व्हिसावर काय चालते, काय चालत नाही, कामाचा रीतसर मार्ग कोणता, त्याला भाषा, वय आणि पैसा किती लागतो, हे साध्या मराठीत, दूतावासाच्या मूळ मजकुराशी ताडून छापावे. जर्मन मजकूर वाचून तपासून देण्याचे काम मी विनामोबदला करीन. नारायणगावचा माझा विद्यार्थी सध्या जर्मनच्या तिसऱ्या पातळीची तयारी करतो आहे. पहिल्या रकान्यासाठी स्वतःचा अनुभव नावानिशी लिहून देण्याची तयारी त्याने मला कालच कळवली.

आपली विश्वासू,
एक निवृत्त जर्मन शिक्षिका, कोथरूड, पुणे