डास पळवायच्या मशीनचे पैसे परत द्या, आणि बॉक्सवरचं ‘डेंग्यू’ काढा

नमस्कार,

तुमचं ते प्लगला लावायचं अल्ट्रासोनिक, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने डास पळवायचं मशीन पावसाळ्याच्या तोंडावर ऑनलाइन मागवलं, दोन नगांचे ७९९ रुपये, बॉक्सवर लिहिलंय डास, झुरळं, पाली, उंदीर सगळे पळणार. निळा लाइट मस्त लागतो, बाकी काहीच होत नाही. काल सासूबाईंनी हाक मारून दाखवलं, डास चक्क मशीनवरच बसलेला, निवांत. फोटो जोडलाय.

कस्टमर केअरला फोन केला तर आधी म्हणे पंधरा दिवस सलग चालू ठेवा, मग म्हणे दारं-खिडक्या बंद ठेवा मॅडम. अहो, सगळं बंद केल्यावर डास तसाही आत येणार नाही, मग तुमचं मशीन हवंय कशाला?

डास आपल्याला शोधतो तो श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, अंगाच्या वासावरून नि उबेवरून, आणि चावते ती मादी, तिला तुमच्या आवाजाचं काही सोयरसुतक नाही. २००७ साली कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे औषधोपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, असल्या मशीनच्या १० चाचण्या एकत्र तपासल्या होत्या, मशीन चालू असो नाहीतर बंद, डास अंगावर बसायचे तेवढे बसलेच.

पण पैशांपेक्षा जास्त संताप आलाय तो ‘डेंग्यूपासून संरक्षण’ छापलंय त्याचा. आमच्या शेजारणीने ते वाचून बाळाची मच्छरदाणी माळ्यावर टाकली, आणि डेंग्यूचा डास चावतो दिवसाउजेडी, नेमका बाळाच्या झोपेच्या वेळेला. परवा महापालिकेच्या आरोग्य खात्यातल्या ताई आल्या, टॉर्च मारून तिच्या फ्रिजच्या मागच्या ट्रेमधल्या अळ्या दाखवल्या, वळवळत होत्या नुसत्या, आणि वरच्याच प्लगला तुमचं मशीन चालू!! अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा, म्हणजे साठलेलं सगळं पाणी काढून भांडी कोरडी करा, पिंप नुसतं ओतू नका तर घासा, अंडी कडेला चिकटून राहतात आणि सुकली तरी कित्येक महिने मरत नाहीत, हे सगळं त्या फुकट सांगून गेल्या.

तर माझे पूर्ण पैसे परत करा, दोन्ही मशीन तुमच्या खर्चाने उचलून न्या आणि बॉक्सवरून, वेबसाइटवरून डेंग्यूचं नाव काढा. आठ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकते, फसव्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, तुमच्या लीगलवाल्यांना विचारा. आणि मागच्यासारखं डिस्काउंट कूपन पाठवू नका प्लीज, तुमचं दुसरं मशीन मला नकोय.