रिझल्ट रिझर्व्ह नव्हता, बाबा

ती. आई-बाबांना सा. न.

व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतेय पण पत्र समजूनच वाचा. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन पंधराच दिवस झालेत, त्यामुळे दादाला मोठ्यानं वाचायला सांगा, आणि तो मधलं मधलं गाळायला लागला तर आई तू ओरड त्याला.

परवा सोलापूरकडच्या एका साखर कारखान्यावर गेले होते, नेहमीचंच, वाफ कुठं कुठं वाया जाते ते बघायला. बॉयलर हाउसमध्ये एक बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा काठीला चिंधी बांधून स्टीम लाइनीच्या कडेकडेनं काठी पुढं धरून चालला होता. मी तिथंच थांबले आणि बघतच राहिले, सोबतच्या साहेबांना वाटलं मॅडमना उकाड्यानं गरगरायला लागलं, त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली. रात्री लॉजवर झोपच लागेना, म्हटलं आता सांगूनच टाकू.

तर इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला मी घरी सांगितलं होतं ना की रिझल्ट रिझर्व्ह लागलाय, वरच काहीतरी घोळ झालाय, ते खोटं होतं. थर्मोडायनॅमिक्समध्ये, म्हणजे उष्णता आणि वाफेच्या हिशोबाच्या विषयात, मला १०० पैकी २३ मार्क पडले होते. पुढच्या मे महिन्यात परत दिला तेव्हा ३१. "री-चेकिंगचे पैसे" म्हणून दोनदा जे मागितले ते केटीचे, म्हणजे नापास झालेला विषय परत द्यायचे फॉर्म होते. वर्गात आम्ही चारच मुली आणि त्यात मी बॉयलर अटेंडंटची मुलगी, थर्मोतच नापास! हे मी रूममेटलासुद्धा सांगितलं नव्हतं.

कारण अभ्यास करत नव्हते असं नाही हो. मागच्या ५ वर्षांचे पेपर तोंडपाठ होते, कुठल्या गणिताला कुठला फॉर्म्युला तेही पाठ, पण पेपरात जरा शब्द फिरवले की हात थांबायचा. स्टीम टेबल, म्हणजे कुठल्या तापमानाला पाण्यात आणि वाफेत किती उष्णता असते त्याचा तक्ता, परीक्षेत सोबत मिळतं, तरी त्यातली कुठली ओळ बघायची तेच कळायचं नाही. आमचे सर प्रत्येक गणिताला एकच वाक्य म्हणायचे, आधी रेघ मारा. म्हणजे ज्याचा हिशोब करायचाय त्याच्याभोवती रेघ, आत काय येतंय आणि बाहेर काय जातंय ते त्या रेघेवर उभं राहून मोजायचं. कुकर शिट्टी होईपर्यंत बंद सिस्टिम, शिट्टी झाली की वाफ बाहेर चालली, म्हणजे उघडी, हिशोबच बदलला. मी वहीत पेन्सिलीनं चौकोन काढायचे आणि पुढं जायचे. सरांना बरं वाटावं म्हणून.

मग २००७ ची दिवाळी. सीझन नुकताच सुरू झालेला, बाबांची तिसरी पाळी, आणि आई तू मला डबा घेऊन पाठवलंस. पिठलं होतं त्यात, आणि ठेचा. मी पहिल्यांदाच रात्री बॉयलर हाउसमध्ये आले होते, बगॅसचा, उसाच्या चिपाडाचा, तो ओलसर गोड वास आणि खालून पायाला लागणारी धग. बाबा तुम्ही गेज ग्लासमधली पाण्याची लेव्हल बघत होतात, डबा ठेव म्हणालात आणि वळलातसुद्धा नाही.

मला काय सुचलं कुणास ठाऊक, विचारलं, सुपरहीटेड म्हणजे नक्की काय हो? तुम्ही काही बोलला नाहीत, मला एका ड्रेनपाशी नेलंत, लांब उभं केलंत आणि व्हॉल्व जरासा सैल केलात. फुस्स करून पांढरा लोट आला. तुम्ही म्हणालात, तोंडापाशी बघ. तोंडापासून वीतभर अंतरात काहीच नव्हतं, नुसती हवा, आणि पांढरं त्याच्या पुढं सुरू होत होतं. "पांढरं दिसतंय ती वाफ न्हवं पोरी, ते पाणी झालं. वाफ दिसत न्हाई. मधी जी मोकळी जागा हाय ना, तिथं हात घातलास तर हात गेला." आणि कोपऱ्यातली चिंधीवाली काठी दाखवलीत, रात्रीच्या अंधारात लीक शोधायची. मग म्हणालात टर्बाइनला कोरडीच वाफ लागते, पाणी गेलं तर ब्लेडं खातं.

ड्रायनेस फ्रॅक्शनवर, म्हणजे वाफेत कोरडी वाफ किती आणि पाणी किती यावर, मी तीन महिने डोकं फोडलं होतं. तुम्ही ते पिठलं गार व्हायच्या आत संपवलंत.

पण खरं अजून पुढंच आहे. मला तेव्हा शहाणपणा करायची हौस, मी फळीवर खडूनं गणित मांडलं. कार्नो नावाचा फ्रेंच माणूस, १८२४ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी त्यानं पुस्तक लिहिलं, उष्णता म्हणजे काय हे धड ठाऊक नसताना (बिचारा छत्तिसाव्या वर्षी कॉलऱ्यानं गेला). त्याच्या हिशोबानं तुमची ३४० अंशाची वाफ टर्बाइनमधून १२० अंशाला बाहेर पडत असेल तर कितीही भारी मशीन आणा, १०० तले ३६ च्या वर कामाला येणारच नाहीत. बघा, मी म्हटलं, ६४ टक्के तर वायाच!

तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "वाया कुठं? तीच वाफ रस आटवायला जाती की."

खडू हातातच राहिला माझ्या. मी रेघ टर्बाइनभोवती मारली होती आणि तुम्ही अख्ख्या कारखान्याभोवती. सर वर्षभर हेच तर सांगत होते. डिसेंबरच्या पेपरला मला ५८ पडले, ते काही फार नाहीत, पण त्यातलं एकही गणित पाठ केलेलं नव्हतं.

आई, तुला वाटेल यात माझं काय. तुझ्या मनगटावरचा तो डाग, मोदकाचं पात्र उघडताना भाजलेला. मी तेव्हा म्हणाले होते उकळत्या पाण्यापेक्षा वाफेनं एवढं कसं भाजलं, दोन्ही १०० अंशच ना. शून्य अंशाचं किलोभर पाणी १०० अंशाला न्यायला ४१९ किलोज्यूल लागतात, आणि पुढं त्याच पाण्याची वाफ करायला आणखी २२५७, काटा जागचा हलत नाही तरी. ते सगळं तुझ्या मनगटावर पाणी होताना उतरलं. स्टीम टेबल उघडलं की त्या ओळीवर मला अजून तो डागच दिसतो. आणि बाई गं, त्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व बदल आता, मागच्या वेळी बघितला तर नुसता डाळीनं माखलेला, मी नवीन पाठवलाय कुरियरनं, गुरुवारी येईल.

एवढंच विचारायचंय बाबा. रिझल्ट रिझर्व्ह म्हणजे काय असं तुम्ही वर्षभरात एकदाही विचारलं नाहीत. दोन्ही वेळेला पैसे दिलेत, मोजून, पाकिटात घालून. त्या रात्री डबाही तिसऱ्या पाळीला मलाच घेऊन यायला सांगितलं होतंत, एरवी दादा यायचा. तुम्हाला माहीत होतं का? आणि आई, तुला? रविवारी फोन करते, तेव्हा दादाला जरा बाहेर पाठवा.

तुमची,
धाकटी