बाजूनं की विरोधात? : पालकमंत्र्यांना एक खुलं पत्र

मा. जिल्हा पालकमंत्री,
बेळगाव जिल्हा, कर्नाटक सरकार

स. न. वि. वि.

डिसेंबरात अधिवेशनासाठी अख्खं सरकार बेळगावात उतरलं की आपल्यापुढे निवेदनांचा ढीग पडणार. सुवर्ण विधानसौधच्या, म्हणजे इथल्या विधानभवनाच्या, वाटेवर मांडव पडतील, ऊसवाले येतील, अंगणवाडीच्या ताई येतील, कायम नोकरीची वाट बघणारे येतील. त्यांचे प्रश्न पोटाचे आहेत, आमचा तसा नाही. म्हणून त्या रांगेत न घुसता आधीच आणि सगळ्यांदेखत लिहितोय.

मागणी साधी आहे. अधिवेशनाच्या दिवसांतला एक रविवार, किल्ला तलावाकाठचा फिरायचा रस्ता, सकाळी सात ते संध्याकाळी पाच. कठड्याला दोऱ्या बांधायच्या, चिमटे लावायचे आणि व्यंगचित्रं टांगायची. पैसे नकोत, मांडव नको, हेस्कॉमचं तात्पुरतं वीज कनेक्शनही नको. आणि ही चित्रं टांगण्याआधी कुणी पास करायची नाहीत. आधीच्या गोष्टींना आपली हरकत नसावी. पत्र लांबलंय ते या शेवटच्या अटीपायी.

आम्ही म्हणजे शहापूर, वडगाव, टिळकवाडी, खानापूर, निपाणी इकडची काही माणसं. मराठी बोलणारे जास्त, कन्नड बोलणारेही आहेत, एक उर्दू शाळेतले मास्तर आहेत. व्यंगचित्रांवर कुणाचंच घर चालत नाही. एक जण बसचा कंडक्टर, एकाच्या घरी माग, एकीचं डी.एड. चाललंय, एकाचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान. त्या दुकानाच्या माळ्यावर रविवारी जमतो. आठवडाभरात काढलेलं चित्र फरशीवर ठेवायचं आणि ज्यानं काढलं त्यानं तोंड उघडायचं नाही, एवढाच तिथला कायदा. काय दिसतंय ते बाकीच्यांनी बोलायचं. चित्रकाराला मध्येच राहवलं नाही आणि तो समजावून सांगायला लागला, की चित्र नापास. पुढच्या रविवारी परत काढून आणायचं. गेल्या पावसाळ्यात स्मार्ट सिटीच्या खोदाईवर इतकी चित्रं आली, की शेवटी ठरवलं, आता खड्डा काढायचा नाही. (बेळगाव २०१६ च्या जानेवारीत पहिल्या वीस शहरांत निवडलं गेलं. तेव्हापासून खड्डा हा आमचा हातखंडा विषय.)

आता कंडक्टरनं काढलेल्या चित्राबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळं घोडं तिथंच अडलंय.

स्टॉपवर बस उभी आहे. खिडकीखिडकीतून बायका डोकावताहेत. कुणाच्या मांडीवर पोर, कुणाच्या डोक्यावर भाजीची बुट्टी, एक आजी दात नसलेल्या तोंडानं मनसोक्त हसतेय. मधोमध कंडक्टर. त्याच्या मशीनमधून शून्य रकमेच्या तिकिटांची पट्टी निघालीय, ती त्याच्या कमरेला, छातीला, गळ्याला गुंडाळत वर गेलीय, नुसते डोळे आणि टोपी बाहेर. दारात एका पायावर लोंबकळणारा एकुलता एक पुरुष, हातात नोट धरून. ती घ्यायला कंडक्टरचा हात मोकळा नाही. चित्रात एक अक्षर नाही. क्रोक्विल या बारीक टोकाच्या निबनं काढलंय, आजीच्या सुरकुत्या तर अशा उतरल्यात की त्यासाठीच बघावं.

बायकांना सरकारी बसमध्ये फुकट प्रवास देणारी शक्ती योजना ११ जून २०२३ ला सुरू झाली. तेव्हापासून हा गृहस्थ रोज तिच्यातच उभा असतो. माळ्यावर चित्र फरशीवर ठेवलं आणि भांडण पेटलं. डी.एड.वाली म्हणाली, हे योजनेचं कौतुक आहे, त्या आजीकडे बघा, माहेरी निघालीय. मागवाला म्हणाला, कसलं कौतुक, माणूस गुदमरलाय, गाड्या वाढवा म्हणतोय तो. उर्दूचे मास्तर म्हणाले, मला तर दारातल्याची कीव आली. कंडक्टर नियमाप्रमाणे गप्प. चित्र पास झालं.

मग आम्ही कार्यक्रमासाठी जागा मागायला गेलो. कुठल्या कार्यालयात ते लिहीत नाही, कारण तिथला माणूस भला होता. त्यानं फाईल उघडली, कंडक्टरच्या चित्राशी थांबला आणि खो-खो हसला. शेजारच्या टेबलावरच्या दोघांना हाक मारली. फोननं फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. आमच्यादेखत बायकोचं उत्तरही आलं, हसणारी तोंडं. आणि मग चष्मा वर सरकवून त्यानं विचारलं,

"हे आता बाजूनं आहे की विरोधात?"

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो.

"नाही, म्हणजे मला लिवायला पायजे की. वर इचारतात. यादी करून द्या. चित्राचा विषय, खाली काय लिवलंय, त्याचं कन्नड भाषांतर, आणि हे बाजूनं की विरोधात. संस्थेचं नाव घाला, रजिस्टर नंबर घाला. मग बघूया."

महोदय, संस्थेचं बघता येईल. १९६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे सात माणसं लागतात, तेवढी आहेत. भाषांतराचंही काही नाही, गटात दोन्ही भाषा लिहिणारे आहेत. आणि फलकावर कन्नड वर आणि मोठं लिहून आणू, वाद नको. अडलंय ते शेवटच्या रकान्याशी. तो प्रामाणिकपणे भरायचा तरी कसा? कंडक्टरचं चित्र बाजूनं लिहिलं तर मागवाला खोटा पडतो, विरोधात लिहिलं तर आजी खोटी पडते. रकाना दोन शब्दांचा आहे आणि चित्रात चाळीस माणसं आहेत. ज्या चित्राबद्दल हा रकाना चटकन भरता येतो, ते बहुतेक वेळा वाईट व्यंगचित्र असतं, प्रचाराचं पोस्टर. तसली पोस्टरं शहरात प्रत्येक चौकात लागतात आणि त्यांना कुणी हे विचारत नाही.

रकान्याचा खरा त्रास पुढेच आहे. अशी यादी मागितली जाणार हे कळल्यापासून फरशीवर येणारी चित्रं बदलली. एकानं पुढाऱ्याचा चेहरा काढायचं सोडलं, पाठमोरा काढतो. एकानं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचं चित्र आणलं होतं, ते परत पिशवीत घातलं. कुणी त्याला धमकी दिली नव्हती, नोटीस आली नव्हती. रकाना भरावा लागेल एवढ्या विचारानंच हात आखडला. हे आपल्यापर्यंत पोचावं म्हणून लिहितोय, कारण कागदोपत्री बघाल तर कुणी काहीच अडवलेलं नाही.

कायद्याबाहेरचं काही मागत नाही आहोत. संविधानाच्या कलम १९ (२) मध्ये अभिव्यक्तीला मर्यादा घातल्यात, त्या आम्हालाही लागू. एखाद्या चित्रानं कायदा मोडला तर काढणारा समोर उभा असेल, प्रत्येक चित्राखाली नाव असेल. मागाहून कारवाई करायला कायदे पुरेसे आहेत, थोडे जास्तच आहेत. २०१२ मध्ये मुंबईत असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला चक्क राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली होती, आणि तो आरोप सरकारला पुढच्याच महिन्यात मागे घ्यावा लागला. तिथे निदान चित्र आधी लोकांनी पाहिलं होतं. इथे लोकांनी बघायच्या आधीच टेबलावर निकाल.

गटाचा आपला एक नियम आहे, तोही सांगतो. ज्याचं चित्र काढलं, त्याच्यासमोर ते धरता आलं पाहिजे. पाठीमागे हसायचं नाही. कुणाच्या शरीरावर, जातीवर, देवावर आलेली चित्रं माळ्यावरच मागे पडली आहेत, फार चर्चा न करता. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याबद्दल आमच्यातल्या प्रत्येकाला मत आहे आणि ती मतं एकसारखी नाहीत. ते लपवायचं कारण नाही, पण हे पत्र त्यासाठी नाही. उलट सांगायचं तर माळ्यावर येणारी निम्म्याहून जास्त चित्रं विनाशब्दच असतात. या गावात ती सवय आपोआप लागते. खाली चार शब्द लिहिले की अर्धे बघे गळतात, आणि कुठल्या भाषेत लिहिले यावरून उरलेल्यांचा वाद सुरू होतो.

आणि विनाशब्द चित्रांबद्दल बोलायचं तर आपल्या जिल्ह्याला कुणापुढे मान खाली घालायची गरज नाही. शि. द. फडणीस आपल्या जिल्ह्यातले. निपाणीकडच्या भोज गावी २९ जुलै १९२५ ला त्यांचा जन्म. पुढे ते मुंबईला जे. जे. कला महाविद्यालयात शिकले, पुण्यात राहिले, महाराष्ट्रानं त्यांना डोक्यावर घेतलं. खाली एक ओळ न लिहिता माणसाला हसवायचं हे त्यांचं काम, रंगीत, स्वच्छ, कुणाला न बोचकारता. भोज म्हटलं की लोकांना जैन मुनी आचार्य शांतिसागर महाराज आठवतात आणि ते योग्यच आहे. पण फडणीसांचं नाव त्याच गावाला जोडलेलं आहे हे निपाणीच्या कॉलेजातल्या मुलांनासुद्धा सांगावं लागतं. आमचा कार्यक्रम झाला तर पहिली दोरी त्यांच्या नावाची असेल. चित्रं छापायची परवानगी अर्थातच रीतसर मागू.

दुसरी दोरी आर. के. लक्ष्मण यांची. ते म्हैसूरचे. कॉलेजात असताना 'कोरवंजी' या कन्नड विनोदी मासिकात त्यांची चित्रं येत. डॉ. एम. शिवराम यांनी १९४२ मध्ये ते सुरू केलं होतं. जे. जे. नं त्यांना प्रवेश नाकारला, तरी मुंबईनं त्यांना ठेवून घेतलं. चौकड्याच्या कोटातला त्यांचा सामान्य माणूस १९५१ पासून वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर उभा राहिला आणि तोही कधी बोलला नाही. लक्ष्मण पुण्यात गेले, २६ जानेवारी २०१५ ला. म्हैसूरचा माणूस तिकडे मोठा झाला, भोजचाही तिकडेच. मधल्या बेळगावात दोघांची चित्रं शेजारी शेजारी टांगायला एक रविवार मागतोय.

कर्नाटकात हे होत नाही असंही नाही. कुंदापूरला कार्टून हब्ब, म्हणजे व्यंगचित्रांचा उत्सव, भरतो, व्यंगचित्रकार घडवणारं गाव म्हणून लोक त्याचं नाव घेतात. बेंगळुरूत व्यंगचित्रांसाठी स्वतंत्र दालन आहे, बारा महिने चालू असतं. तिकडच्यांना बोलावणार आहोत, धारवाडच्या मंडळींनाही. त्यांना इथे येऊन यादीतले रकाने भरायला लावायचे म्हणजे लाजच.

त्या रविवारी काय काय असेल ते थोडक्यात. चित्रं ए-थ्री कागदावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कारण तलावाकडून सकाळी दव येतं. एका बाजूला कोऱ्या कागदाचं भेंडोळं कठड्याला बांधलेलं, पोरांनी हवं ते काढावं. चार जण बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचं अर्कचित्र काढतील, फुकट, फक्त आपलं चित्र बघून चिडायचं नाही ही अट. भाषणं नाहीत, म्हणून माईकही नाही. संध्याकाळी दोऱ्या सोडून, चिमटे गोळा करून, कागद उचलून जाऊ. झाडणाऱ्या बायकांचं काम वाढणार नाही. रविवारच का, तर आमदार मंडळी बहुतेक गावी गेलेली असतात आणि बंदोबस्त सैल असतो. एरवी त्या दिवसांत शहरात स्कूटर घेऊन निघणं म्हणजे बॅरिकेडशीच गाठ.

आपण यावं अशी इच्छा आहे. हार, शाल, श्रीफळ यातलं काही नसेल, बसायला प्लॅस्टिकची खुर्ची असेल. आणि एक विनंती. व्यंगचित्रांचं कुठलंही उद्घाटन असो, नेहरूंनी व्यंगचित्रकार शंकरना 'मलाही सोडू नकोस' म्हटल्याचा किस्सा होतोच होतो. तो आम्हाला पाठ आहे. आपणही जरूर सांगा, पण त्याआधी तो रकाना काढून टाका.

म्हणजे नेमकं काय हवंय ते परत लिहितो, कारण खाली गेल्यावर तोंडी आदेशाचं काय होतं हे आपल्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत. महापालिका आणि पोलीस आयुक्तालय या दोघांना एकच पत्र जावं, की अशा खुल्या प्रदर्शनाला जागा, वेळ, गर्दी आणि जबाबदार माणसाचं नाव एवढंच विचारावं, चित्रांची आगाऊ यादी मागू नये. हे आमच्यापुरतं नको. उद्या कन्नड कवी असतील, परवा फोटोवाले असतील, सगळ्यांना तेच लागू व्हावं. भोजच्या शाळेत वर्षातून आठवडाभर फडणीसांच्या चित्रांसाठी एक वर्ग मिळवून देता आला तर तेही बघा. त्याचा अर्ज वेगळा करू, या दोन गोष्टी एकमेकींत अडकवू नका.

उत्तर नोव्हेंबर संपायच्या आत मिळालं तर बरं, चित्रं छपाईला टाकायला वेळ लागतो आणि धारवाडवाल्यांना रजा काढावी लागते. उत्तर कन्नडमध्ये आलं तरी चालेल. आणि 'नाही' असेल तर तेही लेखीच द्या, कारणासकट.

कळावे,

आपले,
रविवारी माळ्यावर जमणारे व्यंगचित्रकार
शहापूर, बेळगाव