लिलावात गाडी वाचते, पार्ट हरवतात

संपादक महोदय,

कुणी वारलं, त्याच्या शेडमधून जुन्या गाड्या निघाल्या आणि वारसांनी त्या लिलावात काढल्या, अशी बातमी आली की हेडिंगला सगळ्यात महाग गाडीचा आकडा असतो आणि बातमी तिथंच संपते. पण खरं नुकसान त्या आकड्यात दिसत नाही, ते शेडच्या कोपऱ्यातल्या खोक्यांमध्ये झालेलं असतं, म्हणून हे पत्र.

फ्रान्समधलं बायों कलेक्शन घ्या. रोजे बायों हा ट्रान्सपोर्टच्या धंद्यातला माणूस, १९५०च्या दशकापासून गाड्या जमवत गेला, म्युझियम काढायचं मनात होतं, पुढं धंदा अडचणीत आला, बऱ्याच गाड्या विकाव्या लागल्या आणि उरलेल्या उघड्या शेडखाली दशकानुदशकं पडून राहिल्या. २०१४ मध्ये तज्ज्ञ तिथं गेले तेव्हा एक फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर जुन्या मासिकांच्या ढिगाखाली मिळाली. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला ५९ गाड्यांचा लिलाव झाला, ती एकटी फेरारी कमिशन धरून सुमारे १ कोटी ६३ लाख युरोला गेली. गाड्या घासूनपुसून चकाचक केल्या नव्हत्या, होत्या तशाच मांडल्या, आणि लोकांना तेच हवं होतं.

अमेरिकेत नेब्रास्कातल्या पिअर्स गावी रे लॅम्ब्रेक्ट हे शेवरोलेचे डीलर. न खपलेल्या नव्या गाड्या आणि बदल्यात आलेल्या जुन्या, दोन्ही ठेवून देत गेले, सप्टेंबर २०१३ मध्ये दोन दिवसांत जवळपास ५०० गाड्या विकल्या गेल्या. त्यात १९५८ ची एक कॅमिओ पिकअप फक्त १.३ मैल चाललेली, ती १ लाख ४० हजार डॉलरला गेली.

पण असे लिलाव थोडे. बाकीचे कुठं छापून येत नाहीत आणि तिथं काय होतं ते सांगतो. गाड्या जमवणारा माणूस बऱ्याचदा एक गाडी नीट करायला त्याच मॉडेलच्या आणखी दोन गाड्या घेतो, एकीचं इंजिन काढून ठेवतो, दुसरीचा गिअरबॉक्स खोलून ठेवतो, आणि कुठला बोल्ट कुठल्या डब्यात आहे हे फक्त त्याला माहीत असतं. तो गेला की ती माहिती गेली. मग घाईघाईत लॉट, म्हणजे एकत्र विकायचे गठ्ठे, पाडले जातात, गाडी एका लॉटमध्ये, तिचाच गिअरबॉक्स "जुने सुटे भाग, एक खोकं" म्हणून दुसऱ्यात, दोन वेगळे लोक ते घेऊन जातात आणि ती गाडी बहुतेक वेळा परत पूर्ण होत नाही. जुन्या गाडीची किंमत बरीचशी यावर ठरते की चासी नंबर आणि इंजिन नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळतात का. वरून सारखे दिसणारे दोन कार्बोरेटर आतल्या जेटमुळे (पेट्रोल सोडणारा बारीक छिद्राचा तुकडा) वेगळ्या मॉडेलचे असू शकतात, ते बऱ्याचदा त्यावरच्या छोट्या पत्र्याच्या टॅगवरून कळतं, आणि साफसफाईत पहिल्यांदा तो टॅगच उडतो. जुनी बिलं, पार्टबुक, सर्व्हिसच्या वह्या तर रद्दीत जातात, वजन करून. हे वाचून कुणाला वाटेल एवढं काय त्यात, पण ज्याला १९३० च्या दशकातल्या गाडीची हेडलाइटची काच हवी आहे त्याला विचारा, ती बऱ्याचदा नवी मिळत नाही, कुठल्यातरी खोक्यात पडलेली असते आणि त्या खोक्यावर काही लिहिलेलं नसतं.

घरच्यांना मी दोष देत नाहीये. जागा रिकामी करायची असते, भावंडांत वाटणी असते, टॅक्स असतो, आणि दुःखात कुणाला पार्टवर ओतलेला कास्टिंग नंबर वाचायचं सुचत नाही. म्हणूनच हे काम माणूस हयात असताना व्हायला पाहिजे. मुलाने किंवा मुलीने सुट्टीत त्याच्यासोबत शेडमध्ये बसावं, तो सांगेल ते मोबाइलवर रेकॉर्ड करावं, प्रत्येक पार्टला दोऱ्याने चिठ्ठी बांधावी की हा कुठल्या गाडीचा, आणि गाडीचे कागद गाडीच्या नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवावेत. आणि एक कळकळीची विनंती, लिलावाआधी गाडी धुऊ नका, रंग मारू नका, बंद पडलेलं इंजिन जबरदस्तीने फिरवू नका, आत पिस्टन अडकलेला असला तर जे वाचलं असतं तेही तुटतं.

सगळं विखुरलंच पाहिजे असंही नाही. फ्रान्समध्येच म्युलूझला श्लुम्फ बंधूंचा कापड गिरणीचा धंदा बुडाला, १९७७ मध्ये कामगारांनी आत घुसून या बंधूंनी लपवून जमवलेल्या गाड्या जगासमोर आणल्या, विकून देणी भागवा अशी मागणीही झाली, पण १९७८ मध्ये सरकारने ते कलेक्शन ऐतिहासिक ठेवा म्हणून जाहीर केलं आणि १९८२ पासून तिथं म्युझियम आहे. प्रत्येक शेडचं म्युझियम होणार नाही हे मलाही कळतं, पण निदान एका गाडीचे भाग एका लॉटमध्ये ठेवणं लिलाववाल्यांना जमण्यासारखं आहे, त्यासाठी फक्त आधी थोडा वेळ द्यावा लागतो.

आपल्या पेपरात पुढच्या वेळी अशी बातमी आली तर वार्ताहराने एवढं जरूर विचारावं, की सुट्या भागांची यादी केली होती का, आणि गाडीची कागदपत्रं गाडीसोबतच गेली का.

आपला,
एक नियमित वाचक