ज्यूंना अल्पसंख्याक ठरवलंत, पुढे काय? : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

प्रति,
मा. अल्पसंख्याक विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
(प्रत : मा. शालेय शिक्षण मंत्री)

महोदय, सादर नमस्कार.

मी ठाण्यात राहणारी, बेने इस्रायल म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली निवृत्त परिचारिका. गेल्या आठवड्यात माझ्या नातीच्या शाळेत ‘थोर व्यक्ती’ वेशभूषा स्पर्धा झाली. शिवाजी महाराज होते, सावित्रीबाई होत्या, बाबासाहेब होते. त्यांच्याच रांगेत तपकिरी शर्ट, दंडाला लाल पट्टी आणि काजळाची चौकोनी मिशी लावून एक मुलगा हिटलर म्हणून उभा राहिला. “मी माझ्या देशाला शिस्त लावली,” असं पाठ केलेलं भाषण त्याने खणखणीत आवाजात म्हटलं. टाळ्या पडल्या, उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं. नात त्या दिवशी जेवली नाही.

त्या पोराचा दोष नाही. सातवीतल्या मुलाला घरून आणि शाळेतून जे मिळतं तेच तो बोलतो. पण मी वर्गशिक्षिकांना भेटले तेव्हा त्या म्हणाल्या, “आजी, हिटलरने जे केलं ते देशासाठीच केलं ना?” शिक्षण खात्याच्या कार्यालयात अर्ज घेऊन गेले. साहेबांनी तो वाचला आणि मला विचारलं, “ज्यू म्हणजे ख्रिश्चनांमधलेच ना तुम्ही?” पोच मागितली, ती दिली नाही.

मंत्रिमहोदय, आपल्याकडचे नेते आमच्या प्रत्येक कार्यक्रमात एकच वाक्य बोलतात : भारतात ज्यूंचा कधी छळ झाला नाही. कोकणाने आम्हाला छळलं नाही, हे आम्ही तुमच्या आधीपासून सांगत आलोय. आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, गावांनी त्यांना ठेवून घेतलं. त्यांनी तेलाचे घाणे घातले, शनिवारी ते बंद ठेवले, म्हणून लोक शनिवार तेली म्हणू लागले, पण कुणी हाकललं नाही. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत मांडवीला सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनामंदिर, बांधलं. १९३७ मध्ये डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले. हे श्रेय गावांचं आणि शेजाऱ्यांचं आहे. सरकारने ते आपल्या खात्यात का जमा करून घ्यावं?

आणि २६ नोव्हेंबर २००८ नंतर ते वाक्य तसंच्या तसं कसं बोलता येतं? कुलाब्याच्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रात दहशतवाद्यांनी रब्बी (ज्यू धर्मगुरू) गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का यांना ज्यू म्हणून हेरून मारलं. त्यांच्या दोन वर्षांच्या मोशेला सँड्रा सॅम्युएल या बाईंनी उचलून बाहेर आणलं म्हणून ते बाळ जगलं. मारणारे सीमेपलीकडून आले होते, मान्य. पण ज्या द्वेषाने ते पेटले होते तो द्वेष आज मोबाईलमधून आमच्या मुलांच्या हातात येतोय, आणि त्याच्याशी लढण्याची सरकारची एकच कल्पना आहे : सिनेगॉगच्या दारात दोन पोलीस. त्या पोलिसांबद्दल माझी तक्रार नाही, उन्हातान्हात उभी राहतात बिचारी. पण शाळेच्या दारातून जे आत शिरलं ते बंदूकधारी पोलीस अडवणार आहे का?

ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाचं युद्ध पेटलं तेव्हापासून तर आमची दोन्हीकडून ओढाताण चालली आहे. एक गट माझ्या नातवाला गाझाचा हिशेब विचारतो. कोकण-ठाण्याच्या पलीकडे कधी न राहिलेल्या घराण्यातला मुलगा, त्याने काय उत्तर द्यायचं? दुसरा गट आम्हाला डोक्यावर घेतो आणि आमच्या नावाने मुसलमानांना शिव्या घालतो. ज्या शेजारणीने माझ्या बाळंतपणात रात्री जागवल्या, ती मुसलमान होती. आमच्या नावाने तिला कुणी शिव्या देऊ नयेत. गंमत म्हणजे जो माणूस इस्रायलचा झेंडा प्रोफाईलला लावतो, तोच खाली लिहितो की या देशाला एक हिटलर हवा. हे दोन्ही एका तोंडून निघतं याचं कुणाला काही वाटत नाही.

स्टेशनबाहेरच्या पुस्तकांच्या गाड्यावर हिटलरचं आत्मचरित्र यशस्वी उद्योगपतींच्या चरित्रांना लागून ठेवलेलं असतं, मराठी भाषांतरासकट. बंदी घाला असं मी म्हणत नाही. जर्मनीत २०१६ मध्ये तेच पुस्तक पुन्हा निघालं तेव्हा इतिहासकारांनी त्यात साडेतीन हजारांच्या आसपास टिपा घातल्या, म्हणजे वाचणाऱ्याला खोटं कुठे आहे ते कळावं. आपल्याकडे २००६ मध्ये खारघरला हिटलरच्या नावाचं हॉटेलच निघालं. नाव बदललं ते ज्यू समाज आणि इतर लोक ओरडले म्हणून. जर्मनीने २०१८ पासून ज्यूद्वेषाविरुद्ध स्वतंत्र आयुक्त नेमला आहे. युरोपीय संघाने २०२१ ते २०३० चा आराखडा केला. महाराष्ट्राने काय केलं? जून २०१६ मध्ये आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला. त्या दिवशी मी पेढे वाटले होते. शिष्यवृत्त्या मिळतील, शाळा-संस्थांना आधार मिळेल, आमचा इतिहास मुलांपर्यंत जाईल, असं व्यासपीठावरून सांगितलं गेलं होतं. केंद्राच्या यादीत मात्र आजही सहाच समाज आहेत, आम्ही नाही. नातवाच्या अर्जात धर्माच्या रकान्यात ‘इतर’ निवडावं लागतं, आणि ‘इतर’ला केंद्राची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती नाही. जनगणनेतही आम्ही ‘इतर’मध्येच.

माझे आजोबा पुरले आहेत त्या कोकणातल्या कब्रस्तानाची भिंत पडून कित्येक पावसाळे झाले. दगडांवर वर हिब्रू अक्षरं, खाली मराठी : अमुक गावकर, अमुक साली देवाघरी गेले. त्या दगडांवर आता गावचा कचरा पडतो. ग्रामपंचायत म्हणते तहसीलला जा, तहसील म्हणतं हे धर्मादायचं काम. माझे गुडघे आता ती वाट चढू देत नाहीत.

हे का होतं ते मला कळतं. १९५१ मध्ये आम्ही देशात सव्वीस हजारांच्या आसपास होतो, २०११ मध्ये साडेचार हजारांहून थोडे अधिक उरलो. एवढ्या मतांवर एक नगरसेवकही निवडून येत नाही. ज्याची मतं मोजण्याइतकी नाहीत त्याच्या वाट्याला पुष्पचक्रं आणि भाषणं येतात. हे फक्त ज्यूंचं नाही. कातकऱ्यांना विचारा, पारध्यांना विचारा. आमच्या सरकारांना माणूस दिसायला आधी गठ्ठा दिसावा लागतो, मग पक्ष कुठलाही असो.

हिटलरच्या राजवटीत ६० लाख ज्यू मारले गेले, त्यात १५ लाखांच्या आसपास लहान मुलं होती. हे आठवी-नववीच्या वर्गात नीट, वेळ देऊन शिकवलं जावं. २७ जानेवारीला, आउशवित्झची नाझी मृत्युछावणी मुक्त झाली त्या दिवशी, प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्याच दिवशी, शाळांत एक तास त्यासाठी ठेवा. शिक्षकांच्या प्रशिक्षणात हा विषय आणा, कारण मुलांच्या आधी बाईंना सांगायची गरज आहे. दर्जा दिलाच आहे तर केंद्राकडे पाठपुरावा करा, अर्जात आमचं नाव येऊ द्या. आणि कब्रस्तानाची भिंत कुणी बांधायची ते एकदा ठरवून त्या अधिकाऱ्याचं नाव आम्हाला कळवा.

उत्तर लेखी हवं आहे, जावक क्रमांकासह. स्वीय सहायकाने फोन करून “साहेबांच्या कानावर घातलंय” असं सांगू नये. येत्या २६ नोव्हेंबरच्या आत उत्तर आलं नाही, तर नरिमन हाऊसला आपण हार घेऊन याल तेव्हा हेच पत्र घेऊन मी दारात उभी असेन.

आपली,
एक बेने इस्रायल आजी, ठाणे