गोष्ट कोण सांगतंय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

किशोरवयीनांसाठीच्या एलजीबीटीक्यू (समलिंगी, ट्रान्स वगैरे पात्रांच्या) कादंबऱ्यांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. अशी पुस्तकं आता भरपूर निघतात, त्यातली पात्रं आपली ओळख उघडपणे सांगतात, म्हणजे सगळं आलबेल आहे, असा लेखाचा सूर. मला तो पटला नाही. अशा पात्राची गोष्ट कोण सांगतंय, हेही पाहायला हवं.

जॉन डोनोव्हन यांच्या १९६९ सालच्या कादंबरीपासून हा प्रवाह सुरू झाला असं मानतात. त्यात १३ वर्षांच्या डेव्हीची मित्राशी जवळीक होते आणि पुढे त्याचा लाडका कुत्रा गाडीखाली सापडतो. ही आपल्यालाच मिळालेली शिक्षा, असं पोर धरून बसतं. तरी डेव्ही निदान स्वतः बोलतो.

ज्युली अॅन पीटर्स यांची 'लूना' (२००४) घ्या. ट्रान्स मुलगी (जन्मावेळी मुलगा ठरवलेली, पण मनानं मुलगी) मध्यवर्ती असलेली ही गाजलेली कादंबरी, पण निवेदन तिच्या बहिणीचं, रीगनचं. दिवसा लियम म्हणून वावरणारी लूना रात्री बहिणीच्या खोलीत येऊन मनासारखे कपडे घालते, मेकअप करते. रीगनची झोपमोड, चिडचिड, धास्ती सगळं आपल्याला आतून कळतं. आरशासमोर बसलेल्या लूनाच्या मनात काय चाललंय, ते मात्र अंदाजानंच. कादंबरी तिच्या नावाची, पण 'मी' म्हणायचा हक्क दुसरीचा! मेरेडिथ रुसो या ट्रान्स लेखिकेच्या २०१६च्या कादंबरीत तो हक्क ट्रान्स नायिकेला, अमांडाला, मिळाला. ती मैत्रिणी जोडते, प्रेमात पडते, काही गोष्टी लपवते. म्हणजे कुठल्याही मुलीसारखीच.

नॅन्सी गार्डन यांना हे १९८२ सालीच साधलं होतं. 'अॅनी ऑन माय माइंड'मधली लायझा अॅनीवर प्रेम करते, पण तिला आर्किटेक्टही व्हायचंय, आणि विद्यार्थी परिषदेची जबाबदारीही तिच्यावर आहे. कॅन्सस राज्यातल्या एका शाळा मंडळानं नेमकं हेच पुस्तक ग्रंथालयांतून काढलं. विद्यार्थी आणि पालक कोर्टात गेले, आणि १९९५ साली ते परत ठेवावं लागलं. विरोधकांनाही 'समस्या' म्हणून रंगवलेल्या पात्रापेक्षा चारचौघींसारखी लायझाच जास्त खुपली असावी, असा माझा आपला तर्क.

आपल्याकडची परीक्षणं मात्र पात्र समलिंगी की ट्रान्स एवढं सांगून मोकळी होतात. त्याला कशाचा राग येतो, कशाचं हसू येतं, घरी कुणाशी पटत नाही, याचा पत्ताच नसतो. पुढच्या परीक्षणात निदान गोष्ट कोण सांगतंय, एवढं तरी समीक्षकांनी लिहावं, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक