सकाळी एक, दुपारी आठ, रात्री एक

सिस्टर,

नाव लिहीत नाही, ना तुमचं ना माझं. तुमच्या वाचनात आलं तर चार ओळींत तुम्हाला कळेल.

सिडकोतल्या मनपाच्या दवाखान्यात मी डोकेदुखी घेऊन आले होते. सोबत सासूबाई. त्या कायम सोबत असायच्या. लोकांना कौतुक, काय सासू आहे, सुनेला स्वतः दवाखान्यात आणते! तुम्ही माझ्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळलात आणि त्यांना म्हणालात, "मावशी, तेवढा केसपेपर खिडकीवर नोंदवून आणा." खिडकीला ही भली मोठी रांग होती. ती तुम्हाला दिसत होती. त्या गेल्या, आणि तुम्ही पंप दाबलाच नाही. पट्टा नुसता बांधलेला, तुमची नजर मशीनवर, आवाज इतका खाली की मला पुढे वाकावं लागलं.

"अशी डोकेदुखी घेऊन येणाऱ्या बायकांना मी एक विचारते. घरी कोणी हात उचलतं का?"

मी गप्प. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. पट्टाही सोडला नाहीत. मग मला रडू आलं, तेव्हा तुम्ही तुमच्या टेबलावरचा कापूस पुढे केलात. रुमालबिमाल नाही, कापूस. त्याचे धागे गालाला चिकटले होते, ते तुम्हीच काढलेत, सासूबाई परत यायच्या आत.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी नऊ वर्षं मला तपासलं. "जिन्यावरून पडलात का?" हे त्यांनीच विचारायचं आणि मी हो म्हणायचं. तीनदा जिन्यावरून पडले मी. आमचं घर तळमजल्यावर आहे, आणि सासऱ्यांना सलाईन लावायला हेच डॉक्टर घरी येऊन गेले होते! ॲसिडिटीच्या गोळ्या, ताकदीची इंजेक्शनं, "टेन्शन घेऊ नका वहिनी". बिल मात्र वेळच्या वेळी. आणि मनगट मोडलं तेव्हा एका मोठ्या दवाखान्यातल्या कॅज्युअल्टीत एका पोरगेल्या डॉक्टरने विचारलं, पण कसं? नवऱ्यासमोर, सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं, "कोणी मारलंय का? एमएलसी करायची का?" म्हणजे पोलीस केस म्हणून नोंद करायची का. उत्तर नवऱ्याने दिलं. घरी गेल्यावर त्या प्रश्नाची किंमत मीच मोजली. असं विचारण्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं त्या रात्री वाटलं होतं. माझ्या माहेरच्यांबद्दल काही लिहीत नाही. आई अजून आहे.

पण मला सांगायचंय ते त्या चिठ्ठीबद्दल. लोहाच्या गोळ्या, पॅरासिटामॉल, आणि त्याखाली तुम्ही नाव न लिहिता नुसताच डोस लिहिलात: १-८-१. सासूबाई तोवर येऊन शेजारी उभ्या होत्या. तुम्ही बोट ठेवून सांगितलंत, "हे लगेच सुरू करायचं नाही. गरज वाटेल तेव्हाच. आणि घरातून नको." सकाळी एक, दुपारी आठ, रात्री एक! जगात कुठल्या गोळीचा असा डोस असतो? रात्री नवऱ्याने चिठ्ठी उलटसुलट पाहिली, "किती गोळ्या खातेस" म्हणाला आणि टीव्ही लावला. रोज माझा फोन तपासणाऱ्या माणसाच्या हातात महिला हेल्पलाइनचा नंबर होता, आणि त्याला तो वाचता आला नाही.

एकोणीस दिवस चिठ्ठी ज्वारीच्या पिठाच्या डब्याखाली होती. विसाव्या दिवशी मुलाच्या ट्यूशनबाहेर एका ओळखीच्या बाईच्या फोनवरून लावला नंबर. पुढचं सगळं लिहीत बसत नाही. अत्याचार सोसलेल्या बायकांना मदत करणारं सरकारी सखी केंद्र, संरक्षण अधिकारी, कोर्टाच्या तारखा, ते चालूच आहे. एवढंच सांगते, की राहत्या घरातून मला कोणी असंच बाहेर काढू शकत नाही, हे कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात लिहिलंय हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं.

सखी केंद्रातल्या समुपदेशक ताई म्हणाल्या, जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगून ठेवलंय: खुणा दिसल्या तर विचारा, पण बाई एकटी असतानाच विचारा. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र तर त्याच्याही कितीतरी आधीपासून हेच काम करतंय. म्हणजे कसं विचारायचं हे कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा आकडाही त्यांनीच दाखवला. मार खाल्लेल्या किंवा जबरदस्ती सोसलेल्या बायकांपैकी १४ टक्क्यांनीच कोणाकडे तरी मदत मागितली. ७७ टक्के ना मदत मागत, ना कोणाला सांगत. मदत कोणाकडे मागितली त्या यादीत डॉक्टर तळाच्या आसपास. मला हसू आलं. आमच्या डॉक्टरांना कोण सांगायला जाणार? ते तर आधीच जिना दाखवून मोकळे!

तुम्हाला कोणी असं ट्रेनिंग दिलं होतं का, की तुमचं तुम्हालाच सुचलं? मी खूप विचार केला यावर. दिलं असेल तर ते प्रत्येक दवाखान्यातल्या सिस्टरला, आशाताईला द्या असं आयुक्तांना सांगावंसं वाटतं. पण ती रांग बघून मावशींना खिडकीवर पाठवणं कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत असतील असं वाटत नाही. काही माणसं तशीच असतात. देवळात कमी दिसतात, बीपीच्या टेबलावर बसलेली असतात.

त्या दिवशी माझं बीपी मोजायचं राहून गेलं. चिठ्ठीवर तुम्ही १२०/८० ठोकून दिलंत, ते मी पाहिलं होतं. पुढच्या सोमवारी येतेय, खरं मोजायला. केसपेपर मीच काढेन, रांगेत उभी राहून.

तुमची,
१-८-१ वाली